स्क्रीनवरचा आकडा आत्ताचा आहे का? एम्बेडेड जेटी, वेबसॉकेट आणि एक भट्टी

आजचा भाग जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका, कोड वाचून दाखवणार नाहीये. कोड कानाने ऐकण्यात काही अर्थ नसतो. ज्यांना हा भाग वाचायचा आहे त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय, बोलताना घेतलेले श्वास आणि चहाचे घोट तेवढे गाळलेत.

विषय असा की आपल्याच प्रोग्रॅमच्या पोटात एक छोटा वेब सर्व्हर बसवायचा आणि त्यातून ब्राउझरला सतत, त्या त्या क्षणाची माहिती पाठवत राहायची. ‘एम्बेडेड सर्व्हर’ म्हटलं की निम्म्या लोकांना ईएसपी३२ सारखी चिप आठवते. तोही एम्बेडेडच, पण आज मी त्याबद्दल बोलत नाहीये. इथे एम्बेडेड म्हणजे लायब्ररी म्हणून आत घेतलेला सर्व्हर. आधी सर्व्हर बसवा, मग त्यात आपली वॉर फाइल टाका, हा जुना क्रम. त्याच्या उलट, आपला मेन मेथडवाला साधा जावा प्रोग्रॅम असतो आणि तो स्वतःच सर्व्हरचं ऑब्जेक्ट तयार करून चालू करतो. जावामध्ये हे काम जेटी फार आधीपासून करतोय. ग्रेग विल्किन्स यांनी तो १९९५ मध्ये लिहायला घेतला. स्प्रिंग बूट वापरणाऱ्यांना तर हे रोजचंच आहे, फक्त तिथे डीफॉल्ट टॉमकॅट असतो आणि तो आत आहे हे लक्षातही येत नाही.

मी जेटी निवडला. का, ते सांगतो, पण त्याआधी काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढच्या अर्ध्या गोष्टी उगाच केल्यासारख्या वाटतील.

भोसरी एमआयडीसीत एक हीट ट्रीटमेंटचं वर्कशॉप आहे. नाव घेत नाही. गिअर, शाफ्ट असले पार्ट येतात, ते भट्टीत साधारण ९०० ते ९३० अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वातावरणात काही तास ठेवायचे, मग तेलात बुडवायचे. याला गॅस कार्बुरायझिंग म्हणतात. वरचा थर कडक होतो, आतला गाभा चिवट राहतो. हा कडक थर किती खोल गेला याला केस डेप्थ म्हणतात, आणि ती तापमान आणि वेळ या दोनच गोष्टींवर फार अवलंबून असते. तापमान मध्येच पन्नास-साठ अंश उतरलं आणि कोणाला कळलं नाही तर थर उथळ राहतो. बाहेरून पार्ट तसाच दिसतो. कापून तपासल्याशिवाय कळत नाही.

तर तिथे सहा भट्ट्या. प्रत्येक भट्टीच्या पॅनेलवर तापमानाचा कंट्रोलर, त्यावर लाल आकडे. पण पॅनेल शेडच्या त्या टोकाला. सुपरवायझरच्या केबिनमध्ये एक मॉनिटर, त्यावर ब्राउझरमध्ये सहा भट्ट्यांचे सहा आकडे. हे पेज बाहेरच्या कोणीतरी काही वर्षांपूर्वी करून दिलेलं. दर दहा सेकंदांनी सर्व्हरला विचारायचं, आकडा आणायचा, लिहायचा. साधं पोलिंग.

एका रात्री १:५२ ला तो सर्व्हर असलेला कंप्युटर आपोआप रीस्टार्ट झाला. विंडोज वर आलं, सर्व्हरची सेवा काही आली नाही. केबिनमधलं पेज दर दहा सेकंदांनी विचारत राहिलं, प्रत्येक वेळी अयशस्वी झालं, आणि अयशस्वी झाल्यावर काय करायचं हे त्यात लिहिलेलंच नव्हतं. त्यामुळे त्याने काहीच केलं नाही. स्क्रीनवर ९२० तसाच राहिला. त्यानंतर वीसेक मिनिटांत तिसऱ्या भट्टीच्या हीटरचा एक फ्यूज उडाला, एक फेज गेली, आणि भट्टी हळूहळू उतरायला लागली. पॅनेलचा भोंगा होता, पण तो सारखा वाजतो म्हणून कधीचा कोणीतरी वायर काढून ठेवलेला. असे भोंगे मी किमान चार कारखान्यांत बघितलेत, तेव्हा हसू नका.

रात्रपाळीच्या दादांनी नियमाप्रमाणे दर अर्ध्या तासाला रजिस्टरमध्ये आकडा लिहिला. दोन वाजता ९२०. अडीचला ९२०. तीनला ९२०. साडेतीनला ९२०. सकाळी पॅनेलवरच्या रेकॉर्डरने भट्टी ८५५ पर्यंत उतरल्याचं दाखवलं, आणि सगळा लॉट बाजूला काढावा लागला. मग रजिस्टर उघडलं गेलं. आता तुम्हीच विचार करा, मालकाच्या जागी तुम्ही असता तर काय वाटलं असतं? माणूस झोपला आणि सकाळी उठून चार ओळी एकसारख्या लिहून टाकल्या. दादांना मेमो मिळाला. अठरा वर्षं नोकरी झालेल्या माणसाला खोटी नोंद केल्याचा मेमो.

मी त्यानंतर तीन आठवड्यांनी तिथे गेलो, नवीन सिस्टीम करायला. दादांशी पहिल्यांदा बोललो तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली. म्हणाले, “साहेब, तुम्ही जे करणार त्यात मला एवढं कळेल का, की हा आकडा आत्ताचा आहे का मघाचा?” माझ्या वयाच्या मुलाला ते साहेब म्हणत होते, ते मला फार अवघड झालं, पण असो. माझ्या रिक्वायरमेंटच्या कागदावर पहिली ओळ तीच लिहिली.

आणि हो, जुना कंप्युटर अजून तिथेच होता. त्याच्या इव्हेंट लॉगमध्ये रीस्टार्टची वेळ होती, रेकॉर्डरच्या आलेखात भट्टी उतरायला लागल्याची वेळ होती. मी दोन्ही एका पानावर शेजारी शेजारी मांडून दिलं: १:५२ नंतर केबिनमध्ये जो कोणी बसला असता त्याला ९२० च दिसला असता. जुनं पेज उघडून, सर्व्हर बंद करून, मालकांना समोर दाखवलंही. आकडा हलला नाही. मेमो मागे घेतला गेला. हे पान लिहिणं माझ्या कामाच्या यादीत नव्हतं, पण त्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात उपयोगी पान तेच होतं असं मला अजून वाटतं.

आता सेटअपकडे येऊ.

प्रत्येक भट्टीचा कंट्रोलर आरएस-४८५ च्या दोन वायरवर मॉडबस आरटीयू बोलतो, ९६०० बॉड. एक मास्टर विचारतो, बाकीचे आपापली पाळी आली की उत्तर देतात. सहा कंट्रोलर एका सेकंदात आरामात वाचून होतात. हे वाचणारा जावा प्रोग्रॅम तर लागणारच होता. मग प्रश्न असा की ब्राउझरला दाखवणारा सर्व्हर वेगळा ठेवायचा की याच प्रोग्रॅमच्या आत? वेगळा ठेवला तर मध्ये डेटाबेस किंवा क्यू आली, दोन सेवा आल्या, एक मेली आणि दुसरी जिवंत राहिली ही शक्यता आली. जिवंत राहिलेली सेवा डेटाबेसमधला शेवटचा आकडा प्रामाणिकपणे देत बसते. पुन्हा तेच दुखणं. आत ठेवला तर प्रोग्रॅम गेला की सर्व्हरही गेला, कनेक्शन तुटलं, ब्राउझरला कळलं. एक जार फाइल, एक प्रोसेस, एक लॉग. कारखान्यात आयटीवाला माणूस नसतो, तेव्हा हलवायच्या गोष्टी जितक्या कमी तितकं बरं.

इथे एक पळवाट आहे बरं का. एकाच प्रोसेसमध्ये असलं तरी वाचणारा थ्रेड अडकू शकतो आणि सर्व्हरचे थ्रेड मजेत चालू राहू शकतात. त्यामुळे नुसतं आत बसवलं म्हणून काम झालं असं नाही. त्याकडे परत येतो.

पोलिंग, एसएसई की वेबसॉकेट? यावर लोक तावातावाने भांडतात. एसएसई म्हणजे सर्व्हर-सेंट इव्हेंट्स. साधी एचटीटीपीची विनंती, उत्तर मात्र संपतच नाही, ओळीमागून ओळ येत राहते. ब्राउझर तुटल्यावर आपोआप परत जोडतो, शेवटचा आयडीही सांगतो. नुसतं दाखवायचं असेल तर एसएसई पुरे, आणि मी कोणालाही आधी तेच सुचवेन. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका होस्टला साधारण सहाच कनेक्शन उघडतो, तेव्हा सहा टॅब उघडून बसलात तर सातवं पेज लटकतं, एवढं ध्यानात ठेवा. मला वेबसॉकेट हवं होतं, कारण मला उलट दिशाही लागणार होती. अलार्म आला की सुपरवायझर ‘बघितला’ असं बटण दाबणार, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणती स्क्रीन खरोखर जिवंत आहे हे सर्व्हरला माहीत असायला हवं होतं. बटण साध्या पोस्ट विनंतीनेही झालं असतं. दुसऱ्या गोष्टीसाठी पिंग-पाँग हवा होता.

वेबसॉकेटचं प्रमाण म्हणजे आरएफसी ६४५५, डिसेंबर २०११ चं. सुरुवात साध्या गेट विनंतीनेच होते. ब्राउझर हेडरमध्ये म्हणतो, मला अपग्रेड करायचंय, आणि सोळा रँडम बाइट्सची एक किल्ली बेस६४ मध्ये पाठवतो. सर्व्हर त्या किल्लीला आरएफसीमध्ये ठरवून दिलेली एक लांबलचक स्ट्रिंग जोडतो, त्याचा शा-१ काढतो आणि परत पाठवतो. उत्तराचा कोड १०१. तिथून पुढे त्याच टीसीपी कनेक्शनवर एचटीटीपी संपलं, फ्रेम सुरू झाल्या. हा शा-१ सुरक्षेसाठी आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो. त्याचं काम एवढंच की समोरच्याला वेबसॉकेट खरंच कळतं, कुठल्या तरी भोळ्या सर्व्हरने किंवा मधल्या कॅशने चुकून हो म्हटलेलं नाही, हे पक्कं करणं. लपवाछपवीसाठी टीएलएस वेगळं लावावं लागतं.

जेटी १२ मध्ये हे उभं करायला खरंच कमी ओळी लागतात. आधी सर्व्हर, त्याला कनेक्टर म्हणजे पोर्ट. मग कॉन्टेक्स्ट हँडलर. त्याच्या आत वेबसॉकेट अपग्रेड हँडलर, ज्यात कुठल्या पाथवर कुठला एंडपॉइंट हे मॅपिंग. आणि त्या हँडलरच्या पोटात रिसोर्स हँडलर, जो एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टच्या फाइल देतो. विनंती आली की आधी अपग्रेड हँडलर बघतो: ही अपग्रेडची आहे का? नसेल तर आत पुढे ढकलतो. सर्व्हलेटचा लवाजमा अजिबात लागत नाही. जेटी १२ ला जावा १७ किंवा पुढचं लागतं.

एक इशारा देतो, यात तुमची संध्याकाळ वाचेल. नेटवर जेटी ९ ची उदाहरणं ढिगाने मिळतात, आणि ती १२ वर कंपाइलच होत नाहीत. कनेक्ट झाल्यावरचं जे अ‍ॅनोटेशन होतं त्याचं नाव बदलून ओपन झालं. पाठवण्यासाठी आधी रिमोट एंडपॉइंट मागून घ्यावा लागायचा, तो गेला, आता थेट सेशनवर सेंड टेक्स्ट म्हणायचं आणि सोबत कॉलबॅक द्यायचा. तेव्हा उदाहरण कॉपी करण्याआधी आवृत्ती बघा. जे एआय मदतनीस वापरतात त्यांनी तर दोनदा बघा, ते ९ आणि १२ ची भेळ करून देतात.

आता मुख्य मुद्दा: तुटलेलं कनेक्शन ओळखणं.

लोकांना वाटतं की वायर काढली की कनेक्शन तुटतं आणि क्लोजचा इव्हेंट येतो. येत नाही. प्रोग्रॅम नीट बंद झाला तर समोरून निरोप येतो. पण मधला स्विच बंद पडला, केबल निघाली, लॅपटॉप झोपला, तर कोणीच कोणाला काही सांगत नाही. टीसीपीच्या दृष्टीने शांतता ही चूक नसते. सर्व्हर लिहीत राहतो, ते बाइट्स कर्नलच्या बफरमध्ये जाऊन बसतात, लिनक्स परत परत पाठवून बघतो आणि डीफॉल्ट सेटिंगवर पंधराएक मिनिटांनी हात टेकतो. तुम्ही काहीच पाठवत नसाल तर मग विचारूच नका. टीसीपीचं कीपअलाइव्ह मुळात आपण चालू करावं लागतं, आणि केलं तरी लिनक्सवर त्याची पहिली चौकशी डीफॉल्टने ७२०० सेकंदांनी. दोन तास! भट्टीत तेवढ्यात एक अख्खा लॉट होऊन जाईल.

जेटीचा स्वतःचा आयडल टाइमआउट असतो, आताच्या आवृत्त्यांत वेबसॉकेटसाठी डीफॉल्ट ३० सेकंद. मग तो पकडेल की! तर नाही ना. आपण दर सेकंदाला आकडा पाठवतोय. सॉकेटवर लिहिणं हीसुद्धा हालचालच धरली जाते. कर्नलच्या बफरमध्ये जागा आहे तोवर लिहिणं यशस्वी होतं, म्हणून जेटीच्या मते कनेक्शन जागंच आहे. म्हणजे जी सिस्टीम जास्त बोलते तिला समोरचा मेलाय हे उशिरा कळतं. हे वाचून मी दोन मिनिटं भिंतीकडे बघत बसलो होतो.

उपाय म्हणजे उत्तराची वाट बघणं. वेबसॉकेटमध्ये पिंग आणि पाँग अशा दोन कंट्रोल फ्रेम आहेत. सर्व्हरने पिंग पाठवला की ब्राउझर आपोआप पाँग देतो, जावास्क्रिप्ट लिहायला लागत नाही. मी दर पाच सेकंदांनी पिंग पाठवतो, पाँग आला की त्या सेशनसमोर वेळ लिहितो, आणि पंधरा सेकंद पाँग नाही आला तर ते सेशन तिथल्या तिथे तोडतो. नम्रपणे क्लोज फ्रेम पाठवून उत्तराची वाट बघण्यात अर्थ नाही, समोर कोणी नाहीच आहे. जेटीच्या सेशनवर डिस्कनेक्ट म्हणून मेथड आहे, ती धाडकन तोडते.

यातून सर्व्हरला कळलं. पण केबिनमधल्या माणसाला?

इथे ब्राउझरची एक गैरसोय आहे. जावास्क्रिप्टला पिंग पाठवता येत नाही, आलेला पिंग दिसतही नाही. सगळं ब्राउझरच्या आतल्या आत. त्यामुळे पेजच्या बाजूने तुटलेपण ओळखायचं तर आपलेच निरोप मोजायला हवेत. सर्व्हर दर सेकंदाला निरोप पाठवतो, आकडा बदलला असो वा नसो. ‘बदल असेल तरच पाठवा’ हा शहाणपणा इथे मुद्दाम टाळला. पेजमध्ये एक टायमर दर अर्ध्या सेकंदाला बघतो की शेवटचा निरोप येऊन किती वेळ झाला. तीन सेकंद उलटले की आकडा पुसला जातो. आणि ऑनएरर, ऑनक्लोज यांच्यावर मी अजिबात विसंबलो नाही. ते आले तर चांगलंच, नाही आले तरी टायमर आहेच.

आकडा पुसायचा की नाही यावर बराच खल झाला. मालकांचं म्हणणं, शेवटचा आकडा राहू द्या, बाजूला लाल ठिपका दाखवा. मोठ्या डॅशबोर्डवर असेच ठिपके असतात. दादा म्हणाले, “ठिपका कोण बघतंय रात्री तीनला? आकडा दिसला की माणूस आकडा लिहितो.” मला दादांचं पटलं. शेवटी असं ठरलं की मोठ्या अक्षरातला आकडा जातो, त्याजागी आडव्या रेघा येतात, पट्टी करडी होते, आणि खाली बारीक अक्षरात ‘शेवटचं वाचन २:१४ ला, ९१८’. सोबत केबिनमध्ये आवाज. रेघांची नोंद रजिस्टरमध्ये करताच येत नाही, उठून पॅनेलपाशी जावंच लागतं.

आता ती पळवाट, वाचणारा थ्रेड अडकण्याची. किंवा थ्रेड ठीक आहे पण तिसऱ्या कंट्रोलरची वायर निघालीय. निरोप तर दर सेकंदाला जातोय, मग पेज म्हणणार सगळं ताजं आहे. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत त्याचं वय जातं. घड्याळातली वेळ नाही, वय. कारण केबिनच्या पीसीचं घड्याळ आणि सर्व्हरचं घड्याळ यांचं जमत नाही, एकदा तर चक्क अकरा मिनिटांचा फरक होता. सर्व्हर स्वतःच्याच मोनोटॉनिक घड्याळावर, जावात नॅनोटाइम, मोजतो की हे वाचन मॉडबसवरून येऊन किती मिलिसेकंद झाले, आणि तेवढंच पाठवतो. पेज त्यात निरोप येऊन झालेला वेळ मिळवतं. बेरीज तीन सेकंदांवर गेली की रेघा. वायर निघो, थ्रेड अडको, सर्व्हर मरो, वायफाय जावो, चारही बाबतीत दिसतं एकच. मला ही बेरीज या सगळ्या कामातली सगळ्यात आवडती गोष्ट आहे. चार ओळींची आहे.

परत जोडणं. वेबसॉकेट एसएसईसारखं स्वतःहून परत जोडत नाही, ते आपण लिहायचं. एक सेकंद थांबून, मग दोन, मग चार, असं वाढवत कमाल दहापर्यंत, आणि त्यात थोडा रँडम वेळ मिसळून. सात स्क्रीनला रँडमची गरज नव्हती, पण लाइट जाऊन आली की सगळं एकदम उठतं, आणि हजारो स्क्रीन असतील तर सगळ्या एकाच क्षणी दार ठोठावतील. सवय लावून घ्या. जोडल्यावर पहिला निरोप नेहमी संपूर्ण स्थिती, सहाही भट्ट्या, चालू अलार्म, सगळं.

हळू गिऱ्हाईक हा आणखी एक त्रास. मालक मोबाइलवर पेज उघडून शेडमध्ये फिरतात, आणि भट्ट्यांच्या पत्र्यामागे वायफाय मेल्यासारखं असतं. सर्व्हर दर सेकंदाला पाठवतोय, तिकडे उचललं जात नाहीये, म्हणजे रांग लागणार. रांग लागली की मेमरी वाढणार, आणि वायफाय परत आल्यावर मालकांना दोन मिनिटांपूर्वीचे एकशे वीस निरोप एकामागून एक दिसणार. आपल्याला जुने निरोप नकोतच. म्हणून प्रत्येक सेशनसाठी एकच खण ठेवला: पुढचा पाठवायचा निरोप. आधीचं पाठवणं पूर्ण झालं असा कॉलबॅक येईपर्यंत नवीन पाठवायचं नाही, खणातलाच बदलत राहायचा. कॉलबॅक आला की खणात जे सगळ्यात ताजं आहे ते जाईल. अलार्मचा इतिहास मात्र असा गाळून चालत नाही, तो वेगळा, क्रमांक लावून जातो. गप्पांचं अ‍ॅप करत असाल तर हा खण वापरू नका, लोकांचे निरोप गायब होतील.

सुरक्षेचं थोडक्यात, पण ठाम. ब्राउझरची सेम-ओरिजिनची बंधनं वेबसॉकेट उघडण्याला लागू होत नाहीत. म्हणजे केबिनच्या पीसीवर कोणी भलतीच साइट उघडली तर ती साइटसुद्धा तुमच्या सर्व्हरला वेबसॉकेट जोडू शकते, आणि लॉगिन कुकीवर असेल तर परिस्थितीनुसार कुकीही सोबत जाऊ शकते. ब्राउझर ओरिजिन हेडर पाठवतो, तो हँडशेकच्या वेळी तपासायचा आणि ओळखीचा नसेल तर अपग्रेड नाकारायचं. दुसरं, तापमानाचा सेटपॉइंट ब्राउझरमधून बदलता यावा अशी मागणी आली होती. मी नाही म्हटलं. मॉडबस आरटीयूमध्ये पासवर्ड वगैरे काही नसतं, ज्याच्या हातात वायर त्याचा शब्द चालतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये रजिस्टर लिहिण्याचं फंक्शनच नाही. नसलेलं फंक्शन कोणी वापरू शकत नाही.

समोर एनजिनएक्स ठेवणार असाल तर दोन गोष्टी. अपग्रेड आणि कनेक्शन हे हेडर एका टप्प्यापुरतेच असतात, प्रॉक्सी ते पुढे देत नाही, स्पष्ट लिहून द्यावे लागतात. आणि वाचण्याचा टाइमआउट डीफॉल्ट ६० सेकंद, तेवढा वेळ सर्व्हरकडून काही आलं नाही की तो कनेक्शन कापतो. ‘बरोबर एका मिनिटाने तुटतं’ असं कोणी म्हणालं की मी डोळे मिटून हेच सांगतो. आणि पेज एचटीटीपीएसवर असेल तर वेबसॉकेटही डब्ल्यूएसएसच हवं, साधं ब्राउझर उघडू देत नाही.

चाचणी आम्ही एका गुरुवारी केली. भोसरीला गुरुवारी सुट्टी असते, शेड रिकामी मिळते. केबल उपटून बघितली. आरएस-४८५ चा कन्व्हर्टर काढून बघितला. स्विचची लाइट घालवली. सगळ्यात बोलकी चाचणी म्हणजे लिनक्सवर प्रोसेसला किल कमांडने स्टॉप सिग्नल देणं. प्रोसेस मरत नाही, गोठते. कनेक्शन उघडंच राहतं, आलेल्या पॅकेटची पोच कर्नल देत राहतो, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सर्व्हर जिवंत आहे. फक्त निरोप येत नाहीत. नुसतं क्लोज इव्हेंटवर विसंबलेलं कुठलंही पेज इथे फसतं. आमच्या पेजवर तीन सेकंदांत सहाही रेघा आल्या. दादा सुट्टी असून मुद्दाम आले होते. त्यांनी स्वतः स्टॉपवॉच लावून मोजलं, मला म्हणाले परत करा, मी परत केलं, मग म्हणाले अजून एकदा.

राहिलेलं बारीकसारीक: प्रोग्रॅम सिस्टमडीची सेवा म्हणून चालतो, मेला तर आपोआप उठतो. सिस्टमडीचा वॉचडॉगही लावलाय, आणि त्याला ‘मी जिवंत आहे’ हे मुख्य थ्रेड सांगत नाही, मॉडबस वाचणारा थ्रेड एक फेरी पूर्ण झाल्यावर सांगतो. तो अडकला की सिस्टमडी अख्खी प्रोसेस उडवून परत चालू करतो. त्या काही सेकंदांत स्क्रीनवर रेघा, मग आकडे. फेरी पूर्ण म्हणजे सहाही कंट्रोलरना विचारून झालं, उत्तर येवो वा न येवो. नाहीतर एका भट्टीची वायर निघाली म्हणून सारखं रीस्टार्ट होत बसेल.

आणि हो, पॅनेलच्या भोंग्याची वायर परत जोडून घेतली. ते काम इलेक्ट्रिशियनने दहा मिनिटांत केलं.

प्रश्न असतील तर पाठवा. मागच्या वेळी कोणीतरी विचारलं होतं की लॅनवर, इंटरनेट नसताना, टीएलएसचं सर्टिफिकेट कसं करायचं. त्यावर पुढच्या भागात बोलू, तो विषय अर्ध्या तासाचा आहे. चला, भेटू.